उजवीकडचा तिसरा मॉनिटर

३ फेब्रुवारी
(पहिल्या मॉनिटरच्या खोक्यात, फोमखाली)

खोडरबर,

हे हाती लागलं म्हणजे खोकं तू फाडलं नाहीस, नीट उघडलंस. टाकूही नकोस, वॉरंटीला लागतं.

दचकली असशील. मी तुझा माग काढत आलेलो नाही. ज्या दुकानात फोन करून तू ऑर्डर दिलीस, तिथेच मी कॉम्प्युटर असेंबल करतो. ठाऊक असतं तर तू दुसरं दुकान गाठलं असतंस, हेही मला ठाऊक आहे. मालकांनी फोन ठेवला आणि टिपलेला कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, डिझाइनवाल्यांचं काम आहे, तूच बघ. वर तुझं नाव, खाली नवा पत्ता. दातांत धरलेला स्क्रू गिळता गिळता वाचलो.

नंबर तू ब्लॉक केलास, मेल वाचत नाहीस. उरलं खोकं.

आता कामाचं. तू सांगितलंस की तीन मॉनिटर हवेत आणि आतला माल तुम्हीच ठरवा. ठरवणार मी आहे, आणि तुझ्या खोडी मला पाठ आहेत. एका फाइलीत शंभर लेयर, एकालाही नाव नाही, मागे गाणी चालू, ढीगभर फोटो उघडे, आणि मशीन अडकलं की त्याच्या डोक्यात टपली. म्हणून रॅम चौसष्ट जीबी, दोनच पट्ट्यांत, म्हणजे पुढे वाढवायला जागा राहते. काम चालू असलेल्या फाइलींना वेगळी वेगवान डिस्क, जुन्या कामाला साधी मोठी. प्रोसेसर सगळ्यात महागातला घेत नाही. तो तापतो फार, आणि तापटपणाचा तुला कंटाळा आहे.

मुख्य दोन मॉनिटर नुसत्या एका मॉडेलचे नाहीत, एकाच बॅचचे देतोय. बॅच वेगळी असली की एकावरचा लाल दुसऱ्यावर विटकरी दिसतो आणि तू दिवसभर दोघांचं भांडण सोडवत बसतेस. आज एक पाठवतोय. तुझ्याकडच्या छापील नमुन्याशी ताडून बघ. पटला तर त्याचं जुळं भावंड बाजूला काढून ठेवलंय.

ग्राफिक्स कार्डाला तीन मॉनिटरची जागा पुरली असती. मी चार जागांचं घेतलंय. चौथी कशाला म्हणून विचारू नकोस. असावी एखादी रिकामी.

कॉलेजला मी परत गेलो नाही, हे कुणीतरी सांगितलं असेलच. सरांनी तुझ्या पोस्टरला भर वर्गात चोरीचं म्हटलं आणि मी त्यांचं टेबल उलथवलं, याचं मला आजही काही वाटत नाही. तू म्हणालीस, भांडण माझं होतं, मला भांडायचं होतं. तू थांबलीस, उत्तर दिलंस, पास झालीस. मी दुसऱ्या दिवशीपासून गेलोच नाही. मग तुझ्या घरी आलो, तर तुझे बाबा स्टुलावर चढून कसलीशी पाटी रंगवत होते. खाली न बघता म्हणाले, "कॉलेज अर्ध्यावर सोडलंस. माझी मुलगीही अर्ध्यावरच सोडशील." बोलताना त्यांचा ब्रश तसूभरही हलला नाही. मी दार असं आपटलं की त्या पाटीवरचं एखादं अक्षर नक्की वाकडं झालं असेल. व्हायलाच हवं होतं.

रंग कसे वाटले ते कळव. मालकांना कळवलंस तरी चालेल.

फ्यूज
(अजूनही लवकर उडतो)


१९ फेब्रुवारी
(कॅबिनेटच्या आत, पत्र्याला चिकटपट्टीने)

खोडरबर,

तू फोन केलास. रंग बरोबर आहेत, जोडीचा पाठवा, एवढंच. पत्राबद्दल अवाक्षर नाही. मी शेजारीच उभा होतो. मालकांनी फोन ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खोक्यात फोम घालायचा असतो, प्रेम नाही. ट्रान्सपोर्टवाला वजनावर पैसे घेतो." म्हणजे त्यांनाही कळलंय. कामावर ठेवलंय हे नशीब.

मशीन तयार आहे. तुझी नवी अट होती की आवाज अजिबात नको. लहान पंखा वेड्यासारखा गरगरतो, मोठा संथ फिरतो, म्हणून सगळे मोठे घेतले. कार्ड असं घेतलं की हलक्या कामाला त्याचा पंखा थांबूनच असतो. दुपारी दुकानाचं शटर ओढून कॅबिनेटला कान लावून बसलो. माझंच रक्त तेवढं ऐकू येत होतं. सगळे मॉनिटर खालच्या कार्डालाच जोड, वर मदरबोर्डवर तशीच एक जागा दिसेल तिथे नको. निम्मं जग तिथे जोडतं आणि मग आमच्या नावाने शिमगा करतं.

यूपीएस तू सगळ्यात जास्त वेळ चालणारा मागितलास. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करायला पाच मिनिटं पुरतात. तुला तासन्‌तास कशाला हवेत, मी विचारलं नाही. दिला.

आता तिसऱ्याचं बोलू.

मालकांच्या कागदावर तुझे शब्द जसेच्या तसे आहेत. तिसरा उजवीकडे, हाताने वळवता येईल अशा आर्मवर. रंगांचं काही नाही, कसलाही चालेल. पण कधी झोपता कामा नये.

रंगांचं काही नाही. हे तू बोललीस? पिवळ्यात थेंबभर शाई जास्त पडली म्हणून मला छापखान्यात भांडायला पाठवणारी तू? मी तो कागद चार वेळा वाचला आणि मग मला दिसायलाच लागला तो. तुझ्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसलेला, पाय लांब केलेले. रंग कळत नाहीत, दिवसभर आकडे नाहीतर मॅच बघतो. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून मशीनचा आवाज नको. त्याची मॅच तुटू नये म्हणून यूपीएस मोठा. मॉनिटर वळता हवा, कारण त्याला मान वळवायचे कष्ट नकोत. सगळं जुळतं.

मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं? आणखी एक दार आपटलं असतं, इतकंच ना.

कपाटावर एक जुना मॉनिटर पडून होता. गिऱ्हाइकाने परत केलेला, पिवळट पडलेला. तोच पाठवतोय, वेगळ्या खोक्यात. झोपत नाही एवढं तपासलंय. तुझ्या त्या माणसाला शोभेल.

फ्यूज


११ मार्च
(नव्या तिसऱ्या मॉनिटरच्या खोक्यात, या वेळी सगळ्यात वर)

खोडरबर,

खोकं परत आलं. मी पत्र जिथे ठेवतो तिथेच, फोमखाली, तुझी चिठ्ठी होती. "यात बाबा पिवळे दिसतात. काल मी दोनदा धावत आत गेले, डॉक्टरांनाही बोलावलं. दुसरा पाठव. आणि राग आवर."

तुझं अक्षर बदललंय. घाईचं झालंय.

मी चिठ्ठी मालकांपुढे धरली. त्यांनी वाचली, आत जाऊन तुला फोन लावला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग येऊन सांगितलं. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तू नोकरी सोडलीस, तळमजल्यावरचं घर घेतलंस, त्यांच्या खोलीत कॅमेरा लावलास, कारण काम करताना सारखं उठता येत नाही. मशीनचा आवाज नको, कारण भिंतीपलीकडचा श्वास ऐकू यायला हवा. यूपीएस मोठा, कारण त्यांच्या हवेच्या गादीचा पंप त्यावर चालतो. सगळं जुळतं. मागच्या पत्रातही मला सगळं जुळलेलं दिसलं होतं.

मालक म्हणाले, "डोक्यात राख घालायची हौस असेल तर घरी घाल, माझ्या खोक्यात नको." एवढंच बोलले आणि कोरा मॉनिटर स्वतः काढून दिला.

रंगांचं काही नाही असं तू म्हणालीस, तिथे तू चुकलीस. मी चुकलो ते वेगळं. तुझ्या लोगोचा रंग थोडा हलला तर गिऱ्हाईक ओरडेल. या मॉनिटरवर रंग हलला तर तू धावणार. म्हणून हा मी लोगोपेक्षा बारकाईने लावलाय. तुझ्याकडे कोणता कॅमेरा आहे ते मालकांनी विचारून घेतलं होतं, तसाच दुकानात होता. तो पॅकिंगच्या टेबलावर रोखला आणि मालकांना त्या टेबलावर उताणं झोपवलं. त्यांची कटकट चालूच. मला मेल्यासारखा सरळ करू नकोस, गिऱ्हाईक येईल. आणि आलंच एक. माउस घ्यायला आलं होतं. मालक पडल्या पडल्या त्याला किंमत सांगायला लागले, तर ते न घेताच गेलं.

मी तासभर एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघत होतो. माणसाचा चेहरा एका रंगाचा नसतो. कपाळ निराळं, गाल निराळे, ओठांच्या कडेला निळसर. इतकं जवळून मी कुणाला पाहिलं नव्हतं, तुला सोडून. तू रोज दिवसभर असंच बघत असशील, आणि मी तुला पिवळा पडदा पाठवला.

आता नीट वाच. त्यांच्या खोलीत पिवळा दिवा असेल तर काढ, पांढरा लाव. मॉनिटरच्या बटणांना हात लावू नकोस. आणि त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर एक कोरा पांढरा कागद चिकटव, कॅमेऱ्यात दिसेल असा. शंका आली की आधी कागद बघ. कागद पिवळा दिसला तर दोष मॉनिटरचा, उगाच धावू नकोस. कागद पांढरा दिसला तर चेहरा खरा.

मी येऊ का? तारा नीट बांधून देतो, आर्म घट्ट करतो आणि जातो. त्यांच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. दार आपटणार नाही.

फ्यूज


६ एप्रिल
(लांब केबलच्या वेटोळ्यात)

खोडरबर,

"त्याला सांगा, येऊ नको." मालकांनी निरोप दिला, वर आपल्या पदरची एक गोळीही दिली डोकेदुखीची. ठीक. नाही येत.

तुझी नवी मागणी ऐकली. बाबा दिवसभर छताकडे बघत पडतात, आणि छत त्यांनी बघून संपवलंय. जन्मभर पाट्या रंगवलेला माणूस, त्याच्यापुढे अक्षरं हवीत. म्हणून तुझ्या मधल्या मॉनिटरवर जे चाललंय तेच त्यांच्या पलंगापुढे दिसायला हवं. कार्डाला आणखी एक मॉनिटर जोडता येईल का, असं तू मालकांना विचारलंस.

येईल. चौथी जागा आहे.

ती मी कशासाठी ठेवली होती ते आता सांगत नाही. मनात एक टेबल होतं, त्याला दोन खुर्च्या होत्या. जाऊ दे. जागा रिकामी होती, कामाला आली.

साधी केबल एवढ्या लांब नेली की चित्र मध्येच काळं पडतं. ही ऑप्टिकल आहे, आत काच असते. भिंतीच्या कोपऱ्यातून नेताना हिला करकचून मोडू नकोस, सैल वळण दे. हिला दोन वेगळी टोकं आहेत. एकावर कॉम्प्युटरचं चित्र आहे ते कार्डात, दुसरं मॉनिटरमध्ये. उलटी लावलीस तर काहीच दिसणार नाही आणि तू मला शिव्या देशील. दे, पण आधी टोकं बघ. सेटिंगमध्ये त्याला 'डुप्लिकेट' ठेव, म्हणजे तो नुसता आरसा होतो.

मॉनिटर मोठा देतोय, आणि कडेने बघितलं तरी रंग न उडणारा. मान वळत नसेल त्यांची.

माल कुठून येतो ते त्यांना सांगू नकोस. माझ्या नावाने त्यांचं रक्त चढेल.

फ्यूज


२० मे
(माउसच्या डबीत, कागद बारीक घडी करून)

खोडरबर,

माउस पाठवतोय. तुझा झिजला म्हणालीस. तीनच महिन्यांत झिजवलास, धन्य आहेस.

मालक तुझ्याशी हल्ली माझ्यापेक्षा जास्त बोलतात. काल जेवताना सगळं सांगत होते. बाबांच्या डाव्या हातात चमचा असतो आणि ते पलंगाच्या दांडीवर वाजवतात. एकदा वाजला की दोन अक्षरं जवळ घे, दोनदा वाजला की लांब कर. मिठाईच्या दुकानाच्या एका पाटीसाठी त्यांनी तुला सबंध दुपार नाचवलं. तू चिडून आत गेलीस तर ते डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. मालक हसत होते. मीही हसलो. तुझ्या बाबांच्या एखाद्या गोष्टीला मी हसेन असं मला कुणी सांगितलं असतं तर त्याच्याशी मारामारी केली असती.

आणि चमचा वाजला नाही म्हणजे अक्षरं जमली.

मालकांनी तुला विचारलं म्हणे, की माल कोण पाठवतं हे बाबांना ठाऊक आहे का. तू म्हणालीस, मीच सांगितलं. मग? मग काही नाही. चमचा वाजला नाही.

मालकांनी हे सहज सांगितलं आणि आमटी वाढून घेतली. मला पुढे जेवण गेलं नाही. खोडरबर, वाजला नाही म्हणजे जमलं, असाच नियम आहे ना? की फक्त अक्षरांपुरता?

कॉलेजात बाहेरून परीक्षेचा अर्ज घेतात असं ऐकलंय. चौकशी करून ठेवलीय. आईला सांगितलं तर ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली.

उत्तर दे. एका ओळीचं दे. फोमखाली ठेव.

फ्यूज


२३ जून
(साध्या पाकिटात)

खोडरबर,

मालकांनी फोन माझ्या हातात दिला तेव्हा मला वाटलं एखादं गिऱ्हाईक असेल. पलीकडून तू म्हणालीस, "उजवीकडे कर्सर जातो आणि दिसेनासा होतो."

याचं उत्तर मी रोज कुणाला ना कुणाला देतो. तुलाही तिथेच देता आलं असतं. पण तू थांबली नाहीस आणि मी तुला तोडलं नाही. सकाळ होती, तू औषधांच्या दुकानाची पाटी करत होतीस, हे सगळं तू कामाचं सांगावं तसं सांगितलंस.

"चमचा वाजला नाही. मला वाटलं, अक्षरं जमली. मी पुढची ओळ घेतली. मग उजवीकडे पाहिलं. तुझा कागद पांढराच होता."

तुझ्या बाबांना मी एकदाच भेटलो आणि तेव्हाही त्यांचं तोंड पाटीकडे होतं. पण गेले साडेतीन महिने मी रोज त्यांचा विचार करत होतो. दिवा कुठला असेल, मान किती वळत असेल, पंप चालू असेल ना. माझ्या वडिलांचाही मी इतका केलेला नाही. हे तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.

मग तू म्हणालीस, "यापुढे खोकी पाठवू नकोस, फ्यूज. तुझ्या पत्रांचं उत्तर माझ्याकडे होतं, तेव्हा तू दार आपटून गेलास. आता शोधते तर सापडत नाही."

मी बरं म्हणालो. मी भांडेन असं वाटलं असेल तुला. मालकही माझ्याकडे बघत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं की आज असेंबलीचं काम बंद आहे.

म्हणून हे पाकीट. यात फक्त कर्सरचं लिहितो.

तिसऱ्या मॉनिटरचं तू नुसतं बटण बंद केलंयस. तेवढ्याने कॉम्प्युटरला कळत नाही. त्याच्या लेखी तो अजून उजवीकडेच आहे, म्हणून तिकडची जागा तो मोकळी ठेवतो. कर्सर तिकडे जातो, एखादी फाइल तिकडेच उघडते आणि तुला वाटतं हरवली. हरवलेली नसते. अंधारात उघडी असते.

पलंगापुढचा चौथा नुसता आरसा आहे. त्यात काही हरवत नाही. तो कधीही काढलास तरी चालेल. काचेची केबल मात्र करकचून गुंडाळू नकोस.

तिसरा खरंच बंद करायचा असेल तर मागची केबल कार्डातून ओढून काढ. तिकडे अडकलेलं सगळं आपोआप मधल्या मॉनिटरवर येऊन गोळा होईल, एकदम, एकावर एक. त्याने दचकू नकोस. आर्म काढायची घाई करू नकोस, टेबलाला ओरखडा पडतो. आणि पुढे कधी तीच केबल त्याच जागी लावलीस तर कॉम्प्युटर काही विचारत नाही. उजवीकडची जुनी जागा देतो.

सोबत दोन रबरी टोप्या आहेत. कार्डाच्या जागांवर कारखान्यातून येतात. मशीन जोडताना चारही काढून खिशात टाकल्या होत्या आणि खिशातच राहिल्या. रिकाम्या जागेत धूळ जाते, म्हणून लावायच्या. उरलेल्या दोन माझ्याकडे आहेत. त्या तुला लागणार नाहीत.

आजच केबल काढायला हवी असं काही नाही. राहू दे हवं तर, महिनाभर राहू दे. त्याने मशीनला काही होत नाही. मध्ये कर्सर गेलाच तिकडे, तर उगाच बटणं दाबत बसू नकोस, टपलीही मारू नकोस. माउस धरून डावीकडे ओढत राहा. थोडा वेळ काहीच दिसणार नाही. ओढत राहा. येतो तो परत.

फ्यूज